घरातून पहिल्यांदाच कॉलेजात: अशा विद्यार्थ्यांना सोबत कशी करावी

कॉलेजात नुकतेच शिकवायला लागलेले प्राध्यापक, मेंटॉर म्हणून नाव दिलेले सीनियर, एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून आलेली मंडळी, यांच्यासाठी हा लेख आहे. तुमच्या वाट्याला पाच-दहा विद्यार्थी आलेत. त्यांतल्या काहींच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यांच्यासाठी नेमकं काय करायचं, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. अशा वेळी बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "काही अडचण आली तर नक्की सांग हं." मनापासून बोलतात. पण या मुलांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. अडचण आली आहे हे कळायला, सगळं सुरळीत असताना कसं असतं ते आधी माहीत असावं लागतं, आणि त्यांची गाडी तिथेच अडते. शिवाय विचारायचं म्हणजे आपलं अज्ञान उघडं पाडायचं, ही भीती असतेच. तेव्हा खालच्या प्रत्येक पायरीवर एक गोष्ट धरून चाला: मदत मागायला ते येतील याची वाट पाहायची नाही, आपण आधी जायचं.

पायरी १: कोण ते ओळखा, गाजावाजा न करता

पहिल्या पिढीचा विद्यार्थी कुणाला म्हणायचं, याच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेत १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याखाली चालणाऱ्या मदत योजना आई-वडिलांपैकी कुणाकडेही चार वर्षांची पदवी नसेल तर विद्यार्थी पहिल्या पिढीचा धरतात. काही ठिकाणी त्याहून कडक निकष असतो: पालकांनी कॉलेजात पाऊलच ठेवलेलं नसावं. मग मोठी बहीण पदवीधर असेल तर काय? वडिलांनी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं असेल तर? कागदावर या प्रश्नांना महत्त्व आहे, तुमच्या कामापुरतं फारसं नाही. एवढंच विचारा: "कॉलेजातलं काही अडलं तर विचारायला घरात किंवा नात्यात कुणी आहे का?"

हा प्रश्न सगळ्यांनाच द्यायच्या छोट्या फॉर्ममध्ये घाला. वर्गात हात वर करायला लावू नका. आणि उत्तर मिळालं की लगेच "बिचारा" असा सूर लावू नका. यातली कित्येक मुलं शाळेत पहिली आलेली असतात. सगळी गरीब असतात असंही नाही. उलट गरिबीतून आलेली सगळी मुलं एकसारखी नसतात, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अँथनी जॅक यांनी चांगलं दाखवून दिलं आहे. ज्यांना आधीच एखाद्या नामवंत खासगी शाळेत शिकायची संधी मिळालेली असते, ती मुलं प्राध्यापकांशी सहज बोलतात. तितक्याच उत्पन्नाच्या घरातून, साध्या शाळेतून आलेली मुलं दाराबाहेर घुटमळतात. म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यावरून तुम्हाला फार थोडं कळेल.

पायरी २: प्रवेश आणि पहिला तास यांच्यामधले दिवस

प्रवेश मिळाला, यायचं ठरलं, आणि तरी पहिल्या दिवशी विद्यार्थी उगवलाच नाही, असं घडतं. कारण बहुधा क्षुल्लक असतं. एक फॉर्म राहिला, फी भरायची तारीख कळली नाही, एखादा दाखला वेळेत मिळाला नाही, आणि आता पुढे काय हे विचारायला कुणी नव्हतं. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१६ च्या उन्हाळ्यात नव्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना मोबाइलवर मेसेजने उत्तरं देणारा चॅटबॉट सुरू केला. ही सोय मिळालेल्यांमध्ये न उगवणाऱ्यांचं प्रमाण, सोय न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २१ टक्क्यांनी कमी झालं. मध्यरात्री कितीही साधा प्रश्न विचारला तरी यंत्र हसत नाही, हाही त्याच्या यशातला मोठा भाग असावा असं मला वाटतं.

तुमच्याकडे चॅटबॉट नसला तरी फोन आहे. एका पानावर तारखांची यादी करा: फी, कागदपत्रं, वसतिगृह, शिष्यवृत्तीचा अर्ज, ओळखपत्र. प्रत्येक तारखेच्या तीन-चार दिवस आधी मेसेज टाका. "सगळं झालं ना?" असं विचारू नका, उत्तर "हो" असंच येईल. "फीची पावती मिळाली का? तिचा फोटो पाठव" असं विचारा. मग खरं काय ते कळतं. आणि पानाच्या खाली कार्यालयाचा सामायिक नंबर देण्याऐवजी एका माणसाचं नाव आणि त्याचा नंबर द्या.

पायरी ३: न लिहिलेले नियम मोठ्याने सांगा

ही सगळ्यात मोठी पायरी. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, पण हे करा.

शाळेत जे कुणी शिकवत नाही पण ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं, त्याला फिलिप जॅक्सन या शिक्षणतज्ज्ञाने १९६८ मध्ये छुपा अभ्यासक्रम म्हटलं. कॉलेजात तो शाळेपेक्षा कितीतरी मोठा असतो. ज्यांच्या घरी आई-बाबा शिकलेले आहेत त्यांना तो गप्पांच्या ओघात मिळतो. इतरांना तो ठोकर खाऊन मिळतो, आणि तोवर सत्र संपलेलं असतं.

प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेचंच घ्या. दारावर पाटी असते, "भेटीची वेळ: बुधवार ३ ते ५". आपल्याला वाटतं, यात न कळण्यासारखं काय आहे? पण नव्या विद्यार्थ्याला त्यातून कळतं की या वेळात सर कामात असतात, तेव्हा जायचं नाही. किंवा असं की, काही चुकलं असेल तरच तिथे बोलावतात. म्हणून सांगायचं ते स्पष्ट सांगा: ही वेळ तुझ्यासाठीच राखलेली आहे, शंका नसली तरी जाता येतं, आणि गेल्याने तू कच्चा ठरत नाहीस. तुम्ही स्वतः शिकवत असाल तर पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येकाने दहा मिनिटं येऊन जायचंच, असा नियम करा. ऐच्छिक ठेवलंत तर ज्यांना गरज नाही तेच येतील. मेंटॉर असाल तर पहिल्या खेपेला बरोबर जा, दारापर्यंत. आत जाऊन काय बोलायचं हेही ठरवून द्या: "हा मुद्दा मला इथपर्यंत कळला, पुढे कळला नाही", "परीक्षेत अशा प्रश्नाच्या उत्तरात काय अपेक्षित असतं?", "या विषयात पुढे काय वाचू?" तीन प्रश्न पुरेत.

मग ईमेल. कित्येक मुलांनी आयुष्यात एकही औपचारिक ईमेल लिहिलेला नसतो. एक तर दोन शब्दांचा मेसेज जातो, नाही तर माफी मागण्यातच अर्धं पान खर्च होतं. एक नमुना देऊन टाका:

"विषय: सोमवारच्या तासातील शंका
आदरणीय मॅडम,
मी प्रथम वर्ष अर्थशास्त्राच्या ब तुकडीत आहे. सोमवारी आपण मागणीची लवचिकता शिकवलीत. तिसऱ्या उदाहरणात उत्तर ऋण का येते, ते मला समजले नाही. बुधवारी आपल्या भेटीच्या वेळेत दहा मिनिटे आलो तर चालेल का?
आपला विद्यार्थी,
(नाव आणि हजेरी क्रमांक)"

मी कोण, कशाबद्दल लिहितोय, कुठे अडलो, काय हवंय. "त्रास दिल्याबद्दल क्षमस्व" यात कुठेही नाही, तेही मुलांना दाखवून द्या.

सिलॅबस एकदा शेजारी बसून वाचा. कोणत्या कामाला किती गुण, अंतर्गत गुण कसे मिळतात, हजेरी किती लागते, उशिरा दिलेल्या असाइनमेंटचे गुण कापतात का. मग साधं गणित मांडून दाखवा: पहिल्या चाचणीत कमी मिळाले तर अजून किती गुण हातात आहेत? पहिल्या चाचणीनंतर "आपलं काम नाही हे" म्हणून खचणाऱ्याला हे गणित माहीतच नसतं. विषय बदलण्याची किंवा सोडण्याची शेवटची तारीख तिथेच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ही तारीख न कळल्यामुळे झालेलं नुकसान गुणपत्रिकेवर वर्षानुवर्षं राहतं.

वाचनाच्या यादीबद्दलही बोला. प्रामाणिक विद्यार्थी यादीतलं पहिलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतो आणि तिसऱ्या आठवड्यात थकतो. काय पूर्ण वाचायचं, काय चाळायचं, कशाचा फक्त निष्कर्ष पाहायचा, हे अनुभवी माणूस पाच मिनिटांत सांगू शकतो. दुसऱ्याचा मजकूर वापरण्याचे नियमही इथेच सांगा. पाठ केलेलं उत्तर शब्दशः उतरवल्याबद्दल ज्याला शाळेत शाबासकी मिळाली, त्याला पुस्तकातला परिच्छेद तसाच लिहिणं हा गुन्हा आहे हे आपोआप कसं कळणार? आधी सांगितलं तर दोन वाक्यांत काम होतं. नंतर चौकशी समिती बसते.

पायरी ४: सीनियरांची एक तासाची बैठक

खर्च जवळजवळ शून्य आणि परिणाम मोठा, असे उपाय थोडे असतात. हा त्यांतला एक. निकोल स्टीफन्स, मरियम हमदानी आणि मेस्मिन डेस्टिन या अमेरिकी संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे काही सीनियर बोलले. एका गटापुढे त्यांनी कॉलेजात जुळवून घेण्याबद्दल सर्वसाधारण अनुभव सांगितले. दुसऱ्या गटापुढे तेच अनुभव आपल्या घरच्या पार्श्वभूमीशी जोडून सांगितले: घरात कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं म्हणून काय अडलं, आणि त्यावर काय केलं. पहिल्या वर्षाच्या शेवटी, दुसऱ्या गटात पहिल्या पिढीतले आणि बाकीचे विद्यार्थी यांच्या गुणांतलं अंतर ६३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. ही मुलं कॉलेजातल्या मदतीच्या सोयीही जास्त वापरत होती.

"मेहनत करा, यश मिळेल" हे दोन्हीकडे सांगता येतं. फरक पडला तो अडचणीचं मूळ सांगितल्यामुळे. माझं अडतंय ते माझ्यात काही कमी आहे म्हणून नाही, मला ही माहिती कधी मिळालीच नाही म्हणून, आणि ती मिळवायचे रस्ते आहेत, हे ऐकणाऱ्याला कळलं.

अशी बैठक घ्यायची तर चार-पाच सीनियर निवडा. त्यांत पदवीधर घरांतलेही एक-दोन असू द्या, म्हणजे अडचणी सगळ्यांनाच येतात पण वेगवेगळ्या, हे ऐकणाऱ्यांना कळेल. सगळे टॉपर बसवू नका. एखादा विषय राहिला आणि मग सावरला, अशी एक ताई किंवा दादा हवाच. प्रत्येकाकडून तीन गोष्टी घ्या: मी कुठून आलो, काय अडलं, नेमकं काय केलं. तिसरी सगळ्यात ठोस हवी. "मी हिंमत हरलो नाही" चालणार नाही, "मी दर गुरुवारी ट्यूटोरियलला जायला लागलो" चालेल. बैठक सगळ्या वर्गासाठी ठेवा. "फक्त पहिल्या पिढीसाठी" अशी पाटी लावलीत तर निम्मे येणारच नाहीत.

पायरी ५: पैशाबद्दल तुम्हीच बोला

फीएवढ्या मोठ्या रकमेची तजवीज घरच्यांनी कशीबशी केलेली असते. मुलं अडतात ती मधल्या छोट्या खर्चांवर: परीक्षा शुल्क, प्रयोगशाळेचं साहित्य, बिघडलेला फोन, प्रवास. थोडीशी थकबाकी राहिली म्हणून पुढच्या सत्राची नोंदणी अडते आणि विद्यार्थी न बोलता निघून जातो. हे पाहूनच जॉर्जिया स्टेटने २०११ मध्ये, पदवीच्या जवळ आलेल्यांची छोटी थकबाकी भरणारं अनुदान सुरू केलं. विद्यार्थ्याने अर्ज करायची वाट न पाहता विद्यापीठच यादी काढून त्यांच्याशी संपर्क साधतं. तुमच्या संस्थेत असा आकस्मिक निधी आहे का, कुणाकडे आहे, किती दिवसांत मिळतो, हे तुम्ही आधीच विचारून ठेवा.

शिष्यवृत्ती असेल तर ती चालू राहायच्या अटी एकत्र वाचा: किमान गुण, किमान हजेरी, दरवर्षी नूतनीकरण. आणि एक नेहमीचा गैरसमज दूर करा. पैसे वाचावेत म्हणून कमी विषय घेतले की पदवी लांबते, आणि बहुतेक वेळा एकूण खर्च वाढतोच. नोकरी करणाऱ्याला "नोकरी सोड" असं सांगू नका, ते त्याच्या हातात नसतं. कॉलेजच्या आवारातच काही काम मिळतं का ते पाहा, तासांची वेळ जुळवून द्या.

पायरी ६: अभ्यास कसा करायचा

शाळेत चाललेली पद्धत इथे चालत नाही, आणि मुलं मग तीच पद्धत आणखी जोराने वापरतात. पुन्हा पुन्हा वाचतात, रंगीत रेघा मारतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग त्यांना सांगून पाहा. एका गटाने उतारा वाचला आणि पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे वाचताना वाटणारा "येतंय की" हा विश्वास फसवा असतो.

शिकवणाऱ्यांसाठी याच्याशी जोडलेली एक गोष्ट. सारा एडी आणि केली होगन यांच्या २०१४ च्या अभ्यासात, जीवशास्त्राच्या वर्गात नुसत्या व्याख्यानाऐवजी तासाआधीची तयारी, तासातली कामं आणि नंतरचा सराव अशी बांधणी केल्यावर पहिल्या पिढीतले आणि इतर यांच्या गुणांतली तफावत मिटली. फायदा सगळ्यांना झाला, यांना जास्त. काय करायचं ते स्वतःच ओळखा, असं सोडून दिलं की ज्यांना आधीपासून माहीत असतं तेच ओळखतात.

पायरी ७: घराला बाजूला सारू नका

"आता घरचं विसर, स्वतःकडे बघ" हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो आणि बहुधा उलटा पडतो. ही मुलं बऱ्याचदा घरासाठीच शिकत असतात. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात नव्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाचं स्वागतपत्र दोन तऱ्हांनी लिहून वाचायला दिलं. एकात स्वतंत्र व्हा, आपली वाट शोधा, असा सूर होता. दुसऱ्यात एकमेकांसोबत शिका, समूहाचा भाग व्हा, असा. पहिलं पत्र वाचलेल्यांत पहिल्या पिढीतली मुलं पुढच्या कोड्यांच्या कामात मागे पडली. दुसरं पत्र वाचलेल्यांत तो फरक उरला नाही. तुमची पत्रकं आणि स्वागताची भाषणं एकदा या नजरेने वाचून पाहा.

शिवाय मनात एक टोचणी असते. घरी सगळे राबताहेत आणि मी इथे लायब्ररीत बसलोय. हे ऐकलंत तर "असं वाटून घेऊ नकोस" म्हणून झटकू नका. हे अनेकांना वाटतं एवढं सांगितलं तरी भार हलका होतो. मग विचारा: आठवड्याला घरासाठी किती वेळ लागतो, आणि परीक्षेच्या आठवड्यात त्यातलं काय दुसऱ्या कुणाला करता येईल?

पालकांशीही बोला, जमलं तर प्रत्यक्ष, नाही तर फोनवर, त्यांच्या भाषेत. तक्रार सांगायला म्हणून नको, नाही तर कॉलेजचा फोन म्हणजे काहीतरी बिनसलं असंच त्यांना वाटत राहील. सत्र म्हणजे काय, परीक्षा कधी, तास चारच असले तरी मुलगी संध्याकाळपर्यंत कॉलेजात का थांबते, हे समजावून सांगा. एरवी ते समजावण्याचं काम मुलीवरच पडतं आणि घरच्यांना ती सबबी सांगतेय असं वाटतं.

पायरी ८: सत्राच्या मध्यावर, न बोलावता

पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्रत्येकाला गाठा. सलग दोन तास गैरहजर, पहिली असाइनमेंट न दिलेली, मेसेजला उत्तर नाही, यांतलं काहीही दिसलं तर आठवड्याच्या आत. पेपर परत देताना नुसत्या चुका दाखवू नका. या विषयात अपेक्षा मोठी आहे, तुझ्याकडून ती पूर्ण होईल असं मला वाटतं, आणि त्यासाठी हे दोन बदल कर. या क्रमाने सांगितलेली टीका मुलं ऐकतात, कारण ती अपमान वाटत नाही.

संस्थेच्या पातळीवर हे करायचं तर न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेला एसॅप कार्यक्रम पाहण्यासारखा आहे. तो केवळ पहिल्या पिढीसाठी नव्हता, कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी होता. एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी, ठरावीक काळाने सक्तीची भेट, फीतली उरलेली तूट भरून देणं, पुस्तकं, प्रवासाचा पास, सगळं एकत्र. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून तपासलं, तेव्हा तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलेलं दिसलं. यातली एकच गोष्ट उचलून तसाच परिणाम मिळेल अशी आशा धरू नका.

पायरी ९: दुसऱ्या वर्षापासून पुढे

पास होणं जमलं की मदतनीस सुटकेचा श्वास सोडतात, आणि इथेच दुसरी दरी सुरू होते. इंटर्नशिपचे अर्ज नोकरीच्या कितीतरी आधी निघतात, हे दुसऱ्या वर्षातच सांगा. शिफारसपत्र मागायचं तर तीन आठवडे आधी, सीव्ही आणि अर्जाची प्रत जोडून, आणि ज्यांना आपलं काम माहीत आहे अशा प्राध्यापकांकडे, केवळ मोठ्या पदावरच्यांकडे नव्हे. घर सांभाळत केलेली नोकरी, लहान भावंडांचा घेतलेला अभ्यास, नातेवाइकांसाठी भरलेले फॉर्म, हे सीव्हीत बसत नाही असं मुलांना वाटतं. बसतं. कसं लिहायचं ते बसून दाखवा.

तुमच्या मर्यादाही ठरवा. उसने पैसे देऊ नका, निधीकडे पाठवा. झोप उडाली, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं कुणी बोललं तर समुपदेशकाकडे, त्याच दिवशी, तुम्ही स्वतः घेऊन जा. कोणत्या वेळेत फोन घेणार ते सुरुवातीलाच सांगा. आणि तुमची मुदत संपत आली की विद्यार्थ्याला विचारून पुढच्या मेंटॉरसाठी एक पान लिहून ठेवा: शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची तारीख, अवघड जाणारा विषय, त्या विषयात ज्यांच्याकडे तो मोकळेपणी जातो ते प्राध्यापक, आणि घरी फोन करायचा तर कुणाला, कोणत्या वेळी.